रेडिएटरचं झाकण

यवतमाळ,
९ नोव्हेंबर १९६४

प्रिय नंदा,

बासष्ट सालच्या मे महिन्यात, अठरा तारखेला, दुपारी पावणेदोनच्या सुमारास, मोहद्याच्या अलीकडच्या चढावर तुमच्या काळ्या मोटारीच्या बोनेटातून वाफ निघाली आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. माझं जे काय बदललं ते त्या घडीला बदललं. चार दिवसांपूर्वी तुझं पत्र आलं, ते तू त्या घडीच्या आधीच्या देवसिंगला लिहिलं आहेस. तो तर तिथंच राहिला, चढावर.

लिहितेस की तुझ्या यजमानांनी, गुणवंतरावांनी, उमरखेडला एक जुनी मोटार घेतली. ओव्हरसियरला रस्त्यांच्या कामावर फिरावं लागतं, आणि डाव्या डोळ्यानं दिसत नाही म्हणून स्वतः चालवता येत नाही. ड्रायव्हर पाहिजे असं बोलणं निघालं तेव्हा त्यांनीच माझं नाव घेतलं. मागच्या अंगणातली खोली रिकामी आहे, जेवण घरचंच, कोणी परकं समजणार नाही. आणि शेवटी, 'मागचं सारं विसरून ये.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मागचं म्हणजे तुला काय माहीत आहे, नंदा? आपलं जमलं नाही, एवढंच. बाकीचं तुला कोणी सांगितलंच नाही, कारण सांगणारा एकटा मीच होतो. तेव्हा आधी मागचं सगळं ऐकून घे. मी उमरखेडला यायचं की नाही, ते त्यानंतर ठरेल.

कॉलेजपासून सुरुवात करतो, कारण तिथं तू मला ओळखत होतीस. इंटरचं वर्ष. तुझ्या वर्गातल्या त्या चष्मेवाल्या पोट्ट्यानं फळ्यावर तुझं आणि माझं नाव लिहिलं, खाली बैलगाडीचं चित्र काढलं, आणि बैलांच्या जागी आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे लोक. मी त्याला कानशिलात मारली. एक नाही, तीन. प्राचार्य म्हणाले, वर्गासमोर माफी माग, प्रकरण इथंच मिटवू. तू व्हरांड्यात मला म्हणालीस, "माग न रे माफी. तोंडानं मागतली म्हणून मनानं मागतली असं थोडीच होते." मी पुस्तकं टेबलावर ठेवली आणि निघून आलो. तेव्हा वाटलं, फार मोठं केलं. तुझ्यासाठी केलं असंही वाटलं. आता वाटतं, तू सांगितलेली एक गोष्ट मी ऐकली असती तर पुढच्या दहा टळल्या असत्या. पण तू सांगायचीसच अशी, की ऐकणाऱ्याला चूक दाखवल्यासारखं वाटावं. अजूनही तशीच सांगतेस. 'विसरून ये.'

तांड्यावर तोंड दाखवायची सोय नव्हती. सुट्टीत तू बाभुळगावला घरी असायचीस, म्हणून मी बाभुळगावला आलो. तुझ्या बाबांच्या मोटारीवर नानाजी ड्रायव्हर होते, म्हातारे झाले होते, डोळे अधू. त्यांना हाताखाली माणूस हवाच होता. तुझ्या बाबांना, पुंडलिकरावांना, वाटलं, शिकलेला पोरगा, इंग्रजी पाट्या वाचतो, बरं झालं. तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला पहिल्यांदा गाडी पुसताना पाहिलंस तेव्हा तोंडावर पदर धरून हसलीस. त्या हसण्यावर मी आठ महिने काढले. तेव्हा तू माझ्याकडे बघून हसत होतीस.

नानाजींनी मला गाडी चालवायला नंतर शिकवलं, पाणी बघायला आधी. रोज सकाळी, गाडी थंड असताना, झाकण काढायचं आणि रेडिएटरच्या तोंडात बोट घालायचं. "एक पेर," ते म्हणायचे. "एका पेराच्या खाली पाणी गेलं का भर. डोयानं नाही पाह्याचं, बोटानं पाह्याचं. डोया खोटं बोलते." तुमच्या विहिरीचं पाणी खारं, त्यानं आत पांढरी खपली धरते, म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवून ठेवलेलं असायचं, ते फक्त मोटारीचं. घरातल्या कोणी त्यात तांब्या बुडवला की नानाजी तुझ्या मैनाआत्यांशीसुद्धा भांडायचे. आणि गाडी तापलेली असली तर झाकणाला हात लावायचा नाही. "दोन बिड्या होऊ दे. मंग पोतं वलं कर, झाकणावर टाक, अर्धा पेच फिरव अन् ऐक. सू-सू बंद झालं का मंग बाकीचा पेच. थे वाफ तुह्या बापाले नाही वयखत." हे त्यांनी मला एकदा नाही, शंभरदा सांगितलं. इंटरपर्यंतचं सगळं विसरलो असेन, हे विसरलो नाही. हे विसरलो नव्हतो, एवढं तू लक्षात ठेव.

माझा बाप रामलाल एकदा बाजारच्या दिवशी तिथं आला होता. मी गाडीला पाणी भरत होतो. ते बघून म्हणाला, "तांड्यातला पह्यला मॅट्रिक अन् मोटारीले पाणी पाजून राह्यला." आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. रस्त्यात पाणी लागलं की आधी बैल प्यायचे, मग माणसं. बैल तहानलेला असताना ज्यानं घोट घेतला त्याला तांड्यात जेवायला बसवत नसत. बाप तेच बोलला. "थेवढं तरी नीट कर. जनावर असो का लोखंड, आधी त्याले." मला राग आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आता ती सकाळ. तुमच्या घरचा रिवाज तुला सांगायला नको, पण मला तो लिहायचा आहे. मुलगी दाखवून झाली, दोन्हीकडच्यांना पसंत पडलं, तरी पक्कं बोलायचं नाही. मुलीनं केळापूरच्या देवीची ओटी भरायला जायचं. ओटीतला नारळ पदरात घेऊन ती घरी परतली तर होकार. देवीपुढंच ठेवून रिकाम्या पदरानं आली तर नकार. मग तिला 'काहून' असं कोणी विचारायचं नाही, बापानंही नाही. तुझ्या आजीनं म्हणे असे दोन नारळ देवीपाशी ठेवले होते. तुमच्याकडे शेती किती, कापूस किती, याचं मला कधी अप्रूप वाटलं नाही. या रिवाजाचं वाटलं. म्हटलं, या घरात पोरीला एक दार तरी ठेवलंय.

गुणवंतराव आदल्या दिवशी तुला पाहायला आले आणि मुक्कामाला राहिले, त्यांची बहीण विमलताई बरोबर. नानाजींना ताप होता, ते गोठ्याशेजारी पांघरूण घेऊन पडलेले, म्हणून गाडी मी काढणार होतो. सकाळी नऊला मी झाकण काढून बोट घातलं. पाणी दोन पेरं खाली. पिंपातून डबा भरून आणला, डबा हातात, आणि तू ओटीचं ताट घेऊन ओसरीवरून खाली उतरलीस. आजूबाजूला पाहिलंस. हळूच म्हणालीस, "देवसिंग, तोंड असं वाकडं करू नको. नारळ मी तेथीच ठेवणार हाय. तू फक्त गाडी नीट चालव." आणि गेलीस मागच्या सीटवर बसायला.

मी डबा खाली ठेवला आणि झाकण लावलं. पाणी घातलंच नाही. कुठल्या कामात होतो, काय करत होतो, काही सुचलं नाही. नंतर लोक म्हणाले ड्रायव्हर बेपर्वा होता, झोपेत होता, कोणी म्हणालं प्यालेला होता. त्या गाडीत पाणी कमी होतं ते मला आनंद झाला होता म्हणून. आयुष्यातली ती एकच सकाळ, त्यानंतर तशी आली नाही.

यवतमाळपर्यंत मी शीळ घालत होतो. पुढच्या सीटवर गुणवंतराव, मागं तू, मैनाआत्या आणि विमलताई. माणूस वाईट नव्हता, हे मला आज लिहावं लागतंय. रस्त्यातले पूल दाखवत होता, हा कुणी बांधला, त्याचा पाया कसा चुकला. साडेबाराला आपण जोडमोह्याला थांबलो. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. बंपरला पाण्याची कापडी पिशवी, छागल, टांगलेली होती. तिच्या कापडातून झिरपून वाऱ्यानं पाणी गार होतं, आणि ते रेडिएटरसाठी ठेवलेलं असतं हे तुला माहीत होतं. नानाजींनी तुझ्यासमोर दहा वेळा सांगितलं होतं. तू ती काढलीस आणि गुणवंतरावांच्या ओंजळीत पाणी धरलंस. तो प्याला, तोंड धुतलं, पुन्हा प्याला. मी म्हणालो, "ते पाणी गाडीचं हाय." जरा जोरात म्हणालो असेन. तर तो हसून तुला म्हणाला, "तुमचा ड्रायव्हर गाडीपेक्षा लवकर तापते बाप्पा."

आणि तू हसलीस.

पाहुण्यासमोर हसावं लागतं, मला कळत नाही असं समजू नकोस. पण तू पदर तोंडाशी धरून हसलीस. अगदी तसंच. आता तू म्हणशील एवढ्यावरून. हो, एवढ्यावरूनच. रस्त्यापलीकडे विहीर होती, रहाट होता, पाणी काढणाऱ्या बाया होत्या. मी छागल भरायला हवी होती, रेडिएटर बघायला हवा होता. मी रिकामी छागल बंपरला टांगली आणि गाडी सुरू केली. मनात एकच चाललं होतं, की सकाळी ती मला खेळवत होती. ड्रायव्हरनं गाडी नीट चालवावी म्हणून गोड बोलली. नारळ ही घेऊनच येणार. तुझ्याबद्दल हे मी तासभर खरं मानलं, आणि त्या तासाभरात सगळं झालं.

तापमानाचा काटा जोडमोह्यापासून सहा-सात मैलांवरच तांबड्याला टेकला. मी तो पाहिला. मैनाआत्यांनी विचारलं, "कायचा वास येऊन राह्यला रे?" मी म्हणालो, रानात काही जळत असेल. चढाच्या निम्म्यावर वाफ आली. तुम्ही तिघी मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलात, गाडीपासून पन्नास पावलांवर, आमच्याकडे पाठ करून, कारण ऊन तोंडावर होतं. मी बोनेट उघडलं. आणि त्यानंतरचं जे मी सगळ्यांना सांगितलं, तुझ्या बाबांना, विमलताईंना, पांढरकवड्याच्या डॉक्टरांना, तुला, ते असं: मी बादली घेऊन पाणी शोधायला शेताकडे गेलो होतो, आणि मी नसताना साहेबांनी झाकण उघडलं.

मी गेलो होतो. बांधापर्यंत. पंचवीस पावलं असतील. तिथून परत आलो, कारण पोतं डिकीत राहिलं होतं. ओलं करून आणावं असं खरंच मनात होतं. गुणवंतराव बोनेटपाशी उभे, हातात रुमाल. मला पाहून म्हणाले, "झाकण उघडू का रे? वाफ निघून गेली का लवकर थंडी होईल." इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला माणूस, पुलांचे पाये ओळखणारा, पण तापलेल्या मोटारीपाशी कधी उभा राहिलेला नव्हता. म्हणून त्यानं विचारलं. ज्याला माहीत होतं त्याला विचारलं.

मी म्हणालो, "उघडा न साहेब. काही नाही होत."

आणि तीन पावलं मागं सरलो.

नंदा, तू पुढचं वाचशीलच, पण इथं जरा थांब. ती तीन पावलं बघ. शब्द तोंडातून रागात निघून गेला, असं मी स्वतःला वर्षभर सांगत होतो. रागात शब्द निघतो, मान्य. पण पाय रागात मोजून मागं जात नाहीत. मला माहीत होतं वाफ किती लांब येते.

त्याची किंकाळी ऐकून तू धावत आलीस तेव्हा मी बादली उचलून बांधाकडून आल्यासारखा आलो. ट्रकवाला थांबला, तुम्ही त्याला पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलंत. ताटातला नारळ झाडाखाली बसताना तू पदरात घेतला होतास. उठताना घाईत तू तो तसाच पदरात धरलास आणि तसाच घेऊन ट्रकमध्ये चढलीस. संध्याकाळी दुसऱ्या मोटारीनं बाभुळगावला आलीस तेव्हाही तो पदरातच. केळापूर राहिलं बाजूला, देवीचं तोंडसुद्धा कोणी पाहिलं नाही. तू ओसरीवर पाय ठेवलास आणि मैनाआत्यांनी कपाळाला हात लावला. "नारळ घरी आला बाप्पा. देवीनंच होकार देल्ला." तुझ्या बाबांनी 'नाही' म्हटलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं, आपल्या गाडीनं पोराचा डोळा नेला, आता आपण काय तोंडानं मागं सरायचं. तुझ्याकडे सगळे बघत होते. तू एवढंच म्हणालीस, "भाजलेल्या माणसाले मी आता काय नाही म्हणू?"

म्हणजे तुझं लग्न मी लावलं. एका शब्दानं. मी काही केलं नसतं, नुसतं पोतं ओलं करून झाकणावर टाकलं असतं, तर तासाभरात आपण केळापूरला असतो आणि तू रिकाम्या पदरानं परत आली असतीस. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. तुला आज कळतंय.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली तेव्हा नानाजी तापातून उठून डिकी बघायला गेले. घडी न मोडलेलं पोतं हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "हे कोरडं काहून हाय रे?" मी म्हणालो, साहेब थांबलेच नाही, मी पाण्याले गेलतो. त्यांनी पोतं तिथंच टाकलं. दुपारी पुंडलिकराव त्यांच्यावर ओरडले, की कॉलेजातून हाकललेल्या पोट्ट्याच्या हाती गाडी कुणी दिली, शिकवलं काय त्याला. सव्वीस वर्षांची नोकरी त्या एका दुपारी गेली. नानाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या मालकाला म्हणाले, "मीच नाही शिकवलं बरोबर." खाली मान घालून गेले. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. गेल्या वर्षी ते बाभुळगावच्या बाजारात दिसले, वांगी निवडत होते. मी जवळ गेलो तर त्यांनी पिशवी तिथंच ठेवली आणि चालायला लागले. वांगी विकणारी बाई मला विचारत होती, बुढ्याले काय झालं.

आणि तू. लग्नाच्या आधी गोठ्यात आलीस, रडून डोळे सुजलेले. "तू तेथी असतास तर तू सांगतलं असतं त्याले," असं म्हणालीस. विचारलं नाहीस, सांगितलंस. मी म्हणालो, मी पाण्याले गेलतो. आणि तू विश्वास ठेवलास. मला तुझा राग सगळ्यात जास्त त्या क्षणाचा येतो. कॉलेजपासून तू मला ओळखत होतीस. वर्गात मी एका फळ्यावरच्या चित्रासाठी माणसाला तीन थोबाडीत मारल्या, हे तू पाहिलं होतंस. जोडमोह्याला माझं तोंड पाहिलं होतंस. तरी तुला शंका आली नाही, की यानं काही केलं असेल. म्हणजे तू मला कधी नीट पाहिलंच नव्हतंस. घरातली माणसं ड्रायव्हरकडे जशी बघतात, तेवढंच.

आता इथं मी धामणगाव रोडवरच्या एका गॅरेजात आहे. रेडिएटरचंच काम करतो, बघ कशी गंमत आहे. गळके सांधतो, खपली काढतो. दिवसातून दहा-बारा तापलेल्या गाड्या येतात. मालक म्हणतो, देवसिंगएवढा थंड डोक्याचा माणूस नाही, दोन-दोन बिड्या थांबतो, पोतं ओलं करतो, ट्रकवाले शिव्या देतात तरी घाई करत नाही. आमची याडी, माझी आई, येऊन गेली, लग्नाचं बोलली. मी तिला हाकललं म्हटलं तरी चालेल. दिवाळीला तांड्यावर गेलो नाही. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. दया तू केलीस एकदा, तिचं काय झालं ते तुझ्या घरात बसलंय.

तुझं पत्र मी एका गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा उघडलं. तू लिहितेस, 'पोरगी सव्वा वर्षाची झाली. ह्यांच्या डाव्या बाजूनं येत नाही, भिते. उजवीकडून येते आणि मांडीवर बसते.' ते वाचून मला आधी बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. नंतर मी जेवायला बसलो आणि ताट तसंच सरकवून उठलो. आणि त्याच्या खालची ओळ: 'हे म्हणतात, त्या दिवशी देवसिंगनं मले उघडू नका म्हणून सांगतलं होतं, मीच ऐकलं नाही. त्याच्या हाती गाडी देयाले मले भीती नाही.'

मी सांगितलं होतं म्हणे.

आता हे काय आहे, नंदा? तो खरंच तसं समजतो का? वेदनेत माणसाच्या डोक्यात पुढचं मागचं होत असेल, डॉक्टर म्हणतात तसं. की त्याला सगळं आठवतं, आणि ड्रायव्हरच्या सांगण्यावरून आपण झाकण उघडलं हे ओव्हरसियरला सांगवत नाही? की त्याला सगळं आठवतं आणि तरी तो मला बोलावतोय? तिसरं खरं असेल तर मला ते नको आहे. मला कोणी माफ केलेलं नको आहे, त्यानं तर नकोच. मी म्हणालो होतो 'उघडा न साहेब', आणि त्यानं 'साहेब' या शब्दावर विश्वास ठेवला. हे तू त्याला वाचून दाखव, नाहीतर दाखवू नकोस. दाखवलंस तर तुझ्या घरात काय होईल ते तू बघ. नाही दाखवलंस तर रोज सकाळी त्याच्या डोळ्यात थेंब घालताना तुला माहीत असेल आणि त्याला नाही. दोन्हीपैकी कुठलं जास्त वाईट, हे मी चार दिवस विचार करत होतो, आणि मला वाईट वाटलं नाही. मी असा आहे. हे तू आता तरी नीट बघ.

परवापासून माझी पेटी भरून ठेवलेली आहे. दोन शर्ट इस्तरी केले. आज साडेदहाची उमरखेडची गाडी धरणार होतो. पहाटे उठून दाढी केली, आरशात पाहिलं आणि मनात चाललं होतं, सकाळी ती चहा घेऊन अंगणात येईल, पोरगी कडेवर असेल, मी झाकण काढून पाणी बघत असेन. किती छान चाललं होतं. आणि त्याच्यापुढं आपोआप आलं, की गुणवंतराव शेजारी उभे असतील, त्यांना एकाच बाजूचं दिसतं, गाडी तापलेली असेल, आणि ते मला काहीतरी विचारतील. विचारतीलच. मी काय उत्तर देईन, हे मला आरशात दिसलं नाही. दोन वर्षांत मी शहाणा झालो असेन, नसेनही. तुझ्याजवळ राहून ते कळायची वाट बघण्याएवढी हिंमत माझ्यात नाही, आणि ती तुमच्यात तरी कशाला असावी. मी येणार नाही असं नुसतं लिहिलं असतं तर तू पुन्हा बोलावलं असतंस, त्यानंही बोलावलं असतं, आणि तिसऱ्या पत्राला मी आलो असतो. म्हणून हे सगळं लिहिलं, सविस्तर, तीन पावलांसकट. उद्या-परवा मीच उंबऱ्यात येऊन उभा राहिलो, हात जोडले, रडलो, तरी तू मला आत घ्यायचं नाही. गाडीच्या जवळ तर नाहीच. पेटीतले शर्ट मी पुन्हा खुंटीला लावले आहेत. एस.टी. सुटायला अजून वीस मिनिटं आहेत, स्टँड इथून दहा मिनिटांवर, म्हणून लिहिणं थांबवतो, नाहीतर मन बदलेल. पोस्ट उलट्या दिशेला आहे. पत्र खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

'तुझाच' लिहायचा हक्क मी त्या चढावर घालवला, तरी लिहितो,
तुझाच
देवसिंग